हळदकुंकवावरचा आळ

"पूजा करून पोरीचा कॉम्प्युटर जाळला तिनं," असे आमच्या इमारतीत सगुणाबाईंविषयी बोलले जात असे. नवा भाडेकरू आला की पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी आणि ही गोष्ट, एवढी माहिती त्याला पहिल्याच आठवड्यात मिळे. त्याआधी, उन्हाळ्यात, "कोळीण कॉम्प्युटर बर्फात ठेवते," असे म्हणत. पण ते हसण्यावारी चाले. दसऱ्यानंतरच्या वाक्याला मात्र निकालाचा सूर होता. ते उच्चारणाऱ्यांपैकी कोणीही सगुणाबाईंच्या घरात जाऊन काय जळले आणि कशाने जळले, हे पाहिले नव्हते. मीही नाही.

सगुणाबाई नाखवा तळमजल्यावर राहतात. खरे पाहता आम्ही बाकीचेच त्यांच्या जागेत राहतो. चेंदणी कोळीवाड्याच्या कडेला त्यांच्या सासऱ्यांचे कौलारू घर आणि जाळी वाळवण्याचे अंगण होते, तिथे ही पाच मजली इमारत उभी राहिली. त्यांचे माहेर कोपरचे, खाडीच्या अंगाचे. लग्न होऊन ठाण्याला आल्या तेव्हा खाडीत बोय, निवट्या, कोळंबी अशी मासळी भरपूर मिळे आणि नवरा पंढरी होडी घेऊन जाई. पुढे पाणी काळे पडत गेले, होडी विकली गेली, आणि सात वर्षांपूर्वी पंढरीही गेला. सगुणाबाई पहाटे धक्क्यावरून माल आणतात आणि सकाळपासून बाजारात बसतात. या बसण्याला आता बत्तीस वर्षे झाली.

त्यांच्या विक्रीची एक रीत आहे, ती सांगितल्याखेरीज पुढचे नीट कळणार नाही. गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच त्या माशाचा कल्ला बोटाने उचलून दाखवतात. मासा ताजा असेल तर कल्ला आतून लाल असतो, शिळा होऊ लागला की तपकिरी पडतो. काही विक्रेते शिळ्या माशाच्या कल्ल्यांना रंग फासतात, हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे. सगुणाबाईंना तो रंग हातभर अंतरावरून ओळखू येतो. आणि त्यांच्या पाटीतला मासा कोणी परत आणला, तर त्या तो उलटसुलट करून पाहतात, शिळा निघाला असेल तर काही न बोलता दुसरा देतात. ही सासूने घालून दिलेली रीत आहे असे त्या म्हणतात.

त्यांची एकुलती मुलगी प्राप्ती तेवीस वर्षांची आहे. एका लहान कंपनीसाठी ती घरबसल्या नवे संगणकीय खेळ खेळून त्यांतल्या चुका शोधते, आणि कल्याणच्या राजरत्न नावाच्या तरुणाने जमवलेल्या संघातून स्पर्धाही खेळते. तिचा संगणक सात वर्षांपूर्वीचा, तोही कोणाकडून तरी वापरलेलाच घेतलेला. खेळ दरवर्षी जड होत गेले आणि संगणक होता तिथेच राहिला. त्याचा प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारी हाताच्या तळव्याहून लहान चौकोनी चकती, धापा टाकू लागला. तेव्हा प्राप्तीने तो ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायला सुरुवात केली. त्या मंडळींत याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढतो, पण उष्णताही वाढते. एप्रिलच्या दुपारी ती संगणकाची एक बाजू उघडून त्याच्यासमोर टेबलफॅन लावून बसे.

सगुणाबाईंनी हे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना मासळीच्या पेटीतला उरलेला बर्फ बादलीत घालून आणला. बादली पंख्यासमोर ठेवली.

"आई, हे काय?"

"तापलाय ना यो? थंड वारा लागूं दे."

"अगं, ओल जाईल आत. आणि माझ्या अख्ख्या रूमला बांगड्याचा वास मारतोय."

"मारूं दे. त्याच वासावर तो घरात आलाय."

प्राप्ती हसली आणि बादली बाहेर नेऊन ठेवली. दोघी मायलेकी तेव्हा एकमेकींची अशी थट्टा करीत. खिडकीतून ही बादली पाहिलेल्या कोणीतरी ती गोष्ट जिन्यात नेली, आणि तिथून ती पाचव्या मजल्यापर्यंत चढली.

पण ओढून ताणून किती दिवस जाणार? श्रावणात प्राप्तीने ठरवले की संगणक तोच ठेवायचा, फक्त प्रोसेसर बदलायचा. तिच्या जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे संगणकातल्या मुख्य पट्टीवर, बसेल असा त्याच जातीचा, पण बराच वेगवान प्रोसेसर अजून कुठे कुठे मिळत होता. माजिवड्याच्या एका दुकानात तो सीलबंद असल्याचे कळले. दुकानाचा मालक चिराग नावाचा तरुण. त्याने खोका दाखवला, संगणक आत नेला आणि म्हणाला, "आम्हीच बसवतो मॅडम. तुम्ही हात लावला तर वॉरंटी जाते." प्राप्ती काचेपलीकडे उभी राहिली. चकतीच्या पाठीवर उष्णता ओढून घेणारा करड्या रंगाचा लेप लावताना तिने त्याला पाहिले. चकतीची खालची बाजू तिला दिसली नाही. मग चिरागने जुना प्रोसेसर मोडीत ठेवून घेतला, संगणक बंद केला, स्क्रूवर दुकानाचे कागदी सील चिकटवले आणि रिकामा खोका बिलासकट तिच्या हातात दिला.

तो खोका सगुणाबाईंनी घरी येताच देव्हाऱ्याशेजारी ठेवला, त्यावर हळदकुंकवाचे बोट टेकवले आणि बिल आतच राहू दिले. नवे जाळे घरात आले की कोळ्यांच्या घरी असेच करतात. होडी गेली, जाळी गेली. नवी वस्तू आली की बोट टेकवायची सवय राहिली.

खंडेनवमीला त्यांनी हत्यारे मांडली. पूर्वी त्या मांडणीत वल्हे असे. आता मासे कापायचा कोयता, तराजू, दोन पाट्या आणि शेवटी प्राप्तीचा संगणक. प्राप्ती सरावाला निघता निघता म्हणाली, "लाव, पण बाहेरून लाव हं." सगुणाबाईंनी पुढच्या जाळीवर हळद आणि कुंकू लावले आणि झेंडूचा लहानसा हार वर ठेवला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी स्पर्धेच्या ऐन फेरीत पडदा गोठला आणि काळा झाला. संगणक पुन्हा सुरू झाला नाही. संघ हरला. राजरत्नने आवाज चढवला नाही, एवढेच म्हणाला, "भाऊबीजेपर्यंत मशीन नीट झालं तर बघू. नाहीतर मला दुसरा प्लेयर घ्यावा लागेल."

प्राप्ती संगणक घेऊन माजिवड्याला गेली. चिरागने आपले सील आपल्याच हाताने कापले, पुढचा पंखा बाहेर काढला आणि पात्यावर चिकटलेली पिवळी भुकटी बोटावर घेऊन तिच्यासमोर धरली.

"हे काय आहे मॅडम? हळद? कुंकू पण आहे. पूजा केलीत ना?"

"बाहेरून केली होती आईने."

"बाहेरून आत जातं ना. शॉर्ट झाला प्रोसेसर. सॉरी, वॉरंटी व्हॉइड."

त्याने मेलेला प्रोसेसर प्लास्टिकच्या लहान पाकिटात घातला, चकतीवरचा लेप पुसून तिचा क्रमांक पाहिला, तो एका चिठ्ठीवर लिहिला, खाली 'बाह्य पदार्थामुळे नुकसान' असे लिहून शिक्का मारला आणि चिठ्ठी पाकिटावर डकवून ते तिच्या हाती दिले. प्राप्तीने वाद घातला नाही. कारण समोर होते, पिवळे होते, आणि तिच्या आईच्या हातचे होते.

घरी येऊन ती जे बोलली ते दार उघडे असल्याने जिन्यापर्यंत ऐकू आले. "तुझ्या पूजेनं माझी वाट लावली, आई. यापुढे माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावू नकोस." सगुणाबाई इतकेच म्हणाल्या, "हलद आत गेली असंल. मी नाय म्हनत नाय." दुसऱ्या दिवसापासून प्राप्तीची खोली बंद राहू लागली. ती कामासाठी डोंबिवलीच्या मैत्रिणीकडे जाऊन बसू लागली.

यानंतर इमारतीने जे केले त्याचा मला अजूनही राग येतो. तिसऱ्या मजल्यावरचे त्र्यंबकराव निवृत्त अधिकारी आहेत आणि स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवतात. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'यंत्र आणि अंधश्रद्धा' असा लांबलचक मजकूर टाकला. नाव घेतले नव्हते, पण 'आपल्याच इमारतीतील एक भगिनी' कोण, हे लिफ्टमधल्या पोरांनाही कळले. चौतीस जणांनी त्याखाली अंगठा उंचावला. त्या चौतिसांत मी होतो. दुकानदाराच्या शब्दाला पुरावा मागावा असे आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही सुचले नाही. शिक्का मारलेला कागद आणि यंत्राला हळदकुंकू लावणारी कोळीण, ही दोन समोर असली, तर चूक कोणाची हे आम्ही आधीच ठरवलेले असते. त्र्यंबकरावांच्या स्वतःच्या गाडीला त्याच दसऱ्याला हार होता आणि बॉनेटवर स्वस्तिक होते. ती गाडी बंद पडली असती तर त्यांनी मेकॅनिकला गाठले असते, मजकूर लिहिला नसता.

सगुणाबाई बाजारात जात राहिल्या. पण संध्याकाळी इमारतीत शिरताना पाटी डोक्यावरून काखेत घेत आणि जिन्याखालून खाली मान घालून जात. "मावशी, माझा मोबाईल तेवढा पुजू नका," असे एकाने म्हटले तेव्हा त्या हसल्याही होत्या. बोलणाऱ्याला वाटले, त्यांनी मनावर घेतले नाही.

दिवाळीच्या आधीचा सोमवार होता. सोमवारी मासळीला उठाव नसतो, म्हणून त्या घरी राहून साफसफाई करीत होत्या. दुपारी माझ्या दारावर थाप पडली. सगुणाबाई उभ्या होत्या. एका हातात देव्हाऱ्याजवळचा खोका, दुसऱ्या हातात ते पाकीट.

"भाऊ, चष्मा हाय ना तुमचा? मना इंग्रजी आकडे जुळवून द्या."

मी त्यांना आत बोलावले. त्यांनी पाकिटातून चकती काढली आणि टेबलावर उताणी ठेवली. खालच्या बाजूला टाचणीच्या टोकांसारखे शेकडो सोनेरी पाय रांगेने उभे होते.

"माझ्या बायच्या ड्रॉवरमंदी होता. पुसायला घेतला, उजेडात धरला. हितं बघा, कोपऱ्यात."

मला काही दिसेना. त्यांनी केसातला काटा काढला आणि त्याचे टोक एका कोपऱ्यावर धरले. पायांच्या मुळाशी पांढरट काहीतरी वाळून बसले होते. शेजारच्या रांगेतले दोन पाय किंचित वाकडे होते, वाकलेले कोणीतरी पुन्हा सरळ केल्यासारखे.

"त्या दुकानवाल्यानं लेप लावला तो करडा व्हता. बाय तवा बोललेली, राखेसारखा दिसतो म्हनून. मंग यो पांढरा कंचा? आन नव्याचे पाय वाकडे कशे? ह्याला कुनीतरी आधी वापरलाय, भाऊ. धुवून पुसून दिलाय. कल्ल्याला रंग लावून द्यावा तसा."

मी खोका घेतला. बाजूच्या पट्टीवर क्रमांक छापलेला होता. आतल्या बिलावर तोच क्रमांक होता. मग पाकिटावरची चिठ्ठी पाहिली, जी दुकानदाराने स्वतः लिहिली होती. तो क्रमांक वेगळा होता. चष्मा पुसून चकतीवर कोरलेला पाहिला. चिठ्ठीशी जुळत होता, खोक्याशी नाही. मी चारही ठिकाणचे क्रमांक दोनदा मोठ्याने वाचले. सगुणाबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उजळला वगैरे नाही. त्या हळूहळू संतापत गेल्या, आणि मला वाटते, दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःला ती मुभा दिली.

"म्हंजी माझ्या हलदीनं नाय?"

"नाही."

"मंग माझ्या पोरीनं मना बोल लावला तो कुनाच्या पापाचा?"

मी ग्रुपवर उंचावलेला अंगठा मला आठवला, आणि मी त्यांना चहा विचारला.

संध्याकाळी प्राप्ती घरी आली तेव्हा सगुणाबाईंनी तिला काही ऐकवले नाही. खोका, बिल आणि पाकीट जेवणाच्या ताटाच्या जागी मांडून ठेवले. त्या स्वतः ओट्याशी भाकऱ्या थापत राहिल्या. प्राप्तीने आकडे पाहिले आणि चकती उलटी केली. हे सारे मला प्राप्तीनेच नंतर सांगितले. मग ती आईला म्हणाली, "मी खालून बघितलंच नाही गं, आई."

"तू माझ्याकडंच बघत व्हतीस," सगुणाबाई म्हणाल्या. "जेव आता."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे माजिवड्याला गेलो. "तुमी काय बोलू नका," सगुणाबाईंनी मला रिक्षात बजावले, "फकत उभं ऱ्हावा. शर्ट इस्तरीचा घातलाय ते बरं केलंत." दुकानात दिवाळीची गर्दी होती. चिरागने प्राप्तीला पाहिले आणि हात वर केले.

"मॅडम, सांगितलं ना, वॉरंटी गेली. आता काय, मावशींना पण घेऊन आलात?"

सगुणाबाईंनी चकती काउंटरवर उताणी ठेवली. "यो नवा म्हनून दिलास?"

"हो. सीलपॅक."

"मंग ह्याच्या पायांत यो पांढरा चिखल कुठला?"

"फॅक्टरीत टेस्टिंग होतं मावशी. त्याचा असेल. तुम्हाला नाही कळणार."

"फॅक्टरीत नंबर पण बदलतात का?" प्राप्तीने खोका पुढे सरकवला. "हा खोक्यावरचा. हा तुमच्या बिलावरचा. आणि हा तुम्ही स्वतः चिठ्ठीवर लिहिलेला."

चिरागने तिन्ही वाचले. मागे उभी असलेली दोन-तीन गिऱ्हाइके वाकून पाहू लागली. "तुम्ही बाहेर बदलला असेल," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"सील तुमचं होतं. तुम्ही माझ्यासमोर कापलंत. आतून काढला पण तुम्हीच."

"तरी पण हळद तर होती ना आत? ती तर तुम्ही नाकारत नाही."

सगुणाबाईंनी मान वर केली. काउंटरच्या टोकाला दुकानाचा बिले करण्याचा संगणक होता. त्याच्या पुढच्या जाळीवर दसऱ्याचे हळदकुंकू तसेच होते, वाळून काळपट पडलेले, आणि वर झेंडूची एक सुकलेली पाकळी अडकली होती.

"त्याला कुनी लावली?"

चिराग तिकडे वळला. "ते... आमची मम्मी येते दसऱ्याला."

"मंग तो कसा चालतोय?"

रांगेतला एक मुलगा हसला. "भाई, माझा पण जरा उलटा करून दाखव," तो आपल्या हातातला खोका पुढे करीत म्हणाला. त्या हसण्याने चिरागचा निर्णय झाला असावा. तो आतल्या खोलीत गेला आणि एक सीलबंद खोका घेऊन आला. प्राप्तीने सील स्वतः कापले, चकती उताणी करून उजेडात धरली आणि मग आईच्या हातात दिली. सगुणाबाईंनी ती डोळ्यांजवळ नेली, कोपरे पाहिले, रांगा पाहिल्या. कल्ला पाहताना त्यांचा जसा चेहरा असतो, तसाच होता. मग मान हलवली. प्राप्तीने नवे बिल खोक्याच्या क्रमांकाशी जुळवून घेतले आणि सर्वांसमोर प्रोसेसर स्वतःच्या हाताने संगणकात बसवला. पडदा उजळला.

चिरागच्या तोंडून चुकलो हा शब्द आला नाही. माल कुठून आला, आमचीही फसवणूक झाली असेल, असे काहीतरी तो पुटपुटत होता. माझ्या मनात त्याला ऐकवण्यासारखे पुष्कळ होते, त्याला आणि चौतीस अंगठ्यांनाही. पण मला फक्त उभे राहण्यास सांगितले होते. आम्ही निघालो तेव्हा तो काउंटरवरून वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, दिला ना बदलून? आता हे सगळीकडे सांगत बसू नका. आणि प्लीज, पुढच्या दसऱ्याला ते हळदकुंकू नको."

सगुणाबाईंनी खोका काखेत मारला आणि दारातूनच उत्तर दिले:

"हलद मी लावनार, आन बाजारभर सांगनार पन. माझ्या पाटीतला मासा शिला निघाला तर मी तो परत घेते, गिऱ्हाइकाच्या देव्हाऱ्याला बोल लावत नाय."